दोन जानेवारीचा पेपर

पहाटे ३.४०

भाऊला गजर लागत नाही. राजपुऱ्यात त्याच्या घराला लागून एक लूमखाना आहे. रात्रपाळीचे लोक साडेतीनला चहासाठी लूम थांबवतात. रात्रभर चाललेली खटखट एकदम बंद होते, आणि त्या शांततेनं त्याला जाग येते.

तोंडावर पाणी, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. पायात मोजे आणि त्यावर रबरी चप्पल. सायकल बावीस वर्षांची आहे. मागे लोखंडी कॅरियर, पुढे हँडलला दोन कॅनव्हासच्या थैल्या. मागच्या चाकात हवा कमी आहे. तो चाक अंगठ्यानं दाबतो आणि म्हणतो, ‘‘चालेल पाचपर्यंत.’’

आज २ जानेवारी २०२५, गुरुवार. बुऱ्हाणपुरात धुकं आहे. भाऊ एकोणतीस वर्षं पेपर टाकतो. मी आज फक्त मागे मागे फिरणार आहे, त्याच्या पुतण्याच्या सायकलवर.

पहाटे ४.१५

बसस्टँडच्या कोपऱ्यावर सहा जण उभे आहेत. कुणी टायर जाळलाय. मराठी पेपर आणणारी जळगावची जीप अजून आलेली नाही. ती भुसावळ, मुक्ताईनगर करत इच्छापूरला येते. तिथं महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो. हद्द कशी कळते, असं ड्रायव्हरला विचारलं तर तो सांगतो, ‘‘डिझेलच्या भावावरून.’’

हिंदी पेपरचे गठ्ठे आधीच पडलेत. भाऊ त्यावरची पट्टी ब्लेडनं कापतो आणि ती गुंडाळून खिशात ठेवतो. पट्टी कॅरियरला बांधायला कामी येते. जीप आली की मोजणी, पाच-पाचच्या हातानं. ओठ हलत नाहीत, फक्त अंगठा हलतो. हिंदी एकशे अठरा, मराठी सेहेचाळीस, इंग्रजी पाच, उर्दू तीन. एकूण एकशे बहात्तर. दहा वर्षांपूर्वी तीनशेच्या वर होते, असं तो मोजता मोजताच सांगतो आणि मोजणी चुकत नाही.

पहाटे ४.४५

आता पुरवण्या घालायच्या. पेपर मांडीवर उघडायचा, पुरवणी आत सरकवायची, घडी मोडायची नाही. एका पेपरला तीन सेकंद. वर आज एका कोचिंग क्लासची पत्रकंही आहेत, दीडशे. शेकड्याला पंधरा रुपये. शाई ओलसर आहे. भाऊची बोटं कोळशासारखी होतात. तो हात चेहऱ्याला लावत नाही. नाक खाजलं तर मनगटानं खाजवतो.

मराठी गठ्ठ्यातला पहिला पेपर तो बाजूला काढतो आणि दिव्याच्या खांबाखाली जाऊन एकेक पान उलटतो. बाकीचे हसतात. ‘‘गुरुजींची बातमी शोधतोय.’’ पहिल्या पानावर नव्या वर्षाचे फोटो. दुसऱ्यावर अपघात. तिसऱ्यावर केळीचे भाव. सातव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, गुडघेदुखीच्या जाहिरातीच्या वर, ती सापडते. एक कॉलम, चौदा ओळी.

भारत आणि पाकिस्तान यांनी बुधवारी आपापल्या आण्विक आस्थापनांच्या याद्या एकमेकांना दिल्या. दिल्लीत आणि इस्लामाबादेत, एकाच वेळी. एकमेकांच्या अशा ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असा दोघांत करार आहे. पहिली यादी १ जानेवारी १९९२ ला दिली गेली. ही सलग चौतिसावी.

भाऊ त्या पानाचा कोपरा दुमडतो, पेपर थैलीत सगळ्यात खाली ठेवतो. ‘‘आली,’’ म्हणतो. बस, एवढंच.

पहाटे ५.३०

फेरी सुरू. शनवारा गेटमधून आत, इतवारा, मग किल्ल्याकडचे बोळ. पेपर तीन घड्या करून दोन्ही हातांनी पिळायचा आणि सायकल न थांबवता टाकायचा. दुसऱ्या मजल्याची गॅलरी असेल तर खांद्यातून, ओटा असेल तर मनगटातून. एका घरी कुत्रं पेपर फाडतं, तिथं उतरून कडीत अडकवावा लागतो. एका घरी म्हातारीला आवाज हवा असतो, म्हणून तिथं दारावर आपटायचा. तिला दिसत नाही. पेपर पडला म्हणजे सहा वाजले, एवढंच तिला हवं असतं.

कुठं काय टाकायचं याची यादी भाऊकडे कागदावर नाही, डोक्यात आहे. मी विचारलं, ‘‘आजारी पडलास तर?’’

‘‘तेवढ्यासाठी पुतण्याला लिहून दिलीये. पण कागद वाचून टाकला की चुकतो तो. पाय शिकले पाहिजेत.’’

शाही किल्ल्याच्या भिंतीखाली अंधार दाट आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच शहरात शहजादा परवेझच्या भेटीला आला होता. दख्खनच्या स्वाऱ्यांचं ठाणं इथं होतं. वकील, खलिते, नजराणे यांची ये-जा या गावाला नवी नाही. आता भिंतीखाली दुधाचे कॅन ठेवलेत. भाऊ तिथल्या चौकीदाराला एक हिंदी पेपर देतो. त्याचे पैसे दोन महिने थकलेत.

सकाळी ६.५०

गांधी चौकाजवळ मागचं चाक बसतं. पंक्चरवाला अजून उठायचाय. दहा मिनिटं सायकल हातात धरून चालत जायचं. पंक्चरचे वीस रुपये. टायर बदलायला झालाय, पण तो खर्च पाडव्यापर्यंत ढकललाय.

चहा दहा, पोहे पंधरा. पोह्यांवर शेव जास्त मागितली तर मिळते. बाजूच्या हलवायाच्या कढईत मावा जिलेबी तळली जातेय. ती भाऊ फक्त बघतो. ‘‘शुगर निघाली दिवाळीत,’’ म्हणतो.

सकाळी ८.१०

प्रतापपुरा. गुरुजींचं घर फेरीत मध्येच लागतं, पण दोन जानेवारीला भाऊ ते शेवटी घेतो. थांबावं लागतं म्हणून.

गुरुजी एकाहत्तर वर्षांचे. मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला, आठवीपर्यंत. ओट्यावर स्टूल मांडलेलं असतं. स्टुलावर कात्री, एक फुटपट्टी, वाटीत मैद्याची खळ आणि लांबट हिशोबवही. वहीला खाकी पुठ्ठा आहे. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात एकच शब्द : यादी.

‘‘कितव्या पानावर?’’

‘‘सातव्या, गुरुजी.’’

‘‘मागच्या वर्षी पाचव्यावर होती. घसरली.’’

गुरुजी पट्टी लावून बातमी कापतात. जाहिरातीचा गुडघा अर्धा येतो, तो वेगळा कापून टाकतात. मागून बोटानं खळ लावतात आणि वहीत चिकटवून वरून तळहातानं दाबतात. बाजूला तारीख लिहितात. मग वही माझ्याकडे सरकवतात.

पहिलं कात्रण १९९२ चं आहे, तपकिरी झालेलं. तेव्हा वर्गातल्या फळ्याशेजारी लावायला कापलं, मग वहीत चिकटवलं. पुढच्या वर्षी पुन्हा बातमी आली, पुन्हा कापली. ‘‘सवय लागली,’’ गुरुजी म्हणतात. काही वर्षी पेपरनं बातमी छापलीच नाही. त्या पानांवर आकाशवाणीवरून ऐकून शाईच्या पेननं चार ओळी उतरवल्यात.

मी पानं उलटतो. २०००. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कंदाहारचं अपहरण संपलं होतं. त्याच सरलेल्या १९९९ मध्ये कारगिलही झालं होतं. यादी गेली. २००२. संसदेवर हल्ला झाला होता, दोन्हीकडचं सैन्य सीमेवर उभं होतं. यादी गेली. २००९. मुंबईच्या हल्ल्याला सव्वा महिना झाला होता. यादी गेली. २०२०. बालाकोट होऊन गेलं होतं, ऑगस्टपासून दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्तच नव्हते, प्रभारी अधिकाऱ्यांवर कारभार चालू होता. यादी गेली.

‘‘आस्थापना म्हणजे काय, गुरुजी?’’ भाऊ विचारतो. तो दरवर्षी विचारत असावा, कारण गुरुजी न थांबता सांगतात.

‘‘जागा रे. अणुवीजघर, संशोधनाची भट्टी, युरेनियम समृद्ध करायचा कारखाना, वापरलेलं इंधन जिथं ठेवतात ती जागा. प्रत्येकीचं अक्षांश-रेखांश लिहायचं. बदललं असेल तर कळवायचं. तारीख ठरलेली, एक जानेवारी.’’

‘‘दोघांना एकमेकांच्या जागा माहीतच असणार की.’’

‘‘बऱ्याचशा असणार. पहिल्याच वर्षी दोन्हीकडे कुजबुज होती, की समोरच्यानं एखादी गाळली म्हणून.’’

भाऊ पेपरची थैली झटकतो. थोडा वेळ विचार करतो. मग म्हणतो, ‘‘आमच्यात पत्ता देतात तो पेपर पडावा म्हणून. ह्यांचा पत्ता काही पडू नये म्हणून.’’

गुरुजी हसत नाहीत. वहीत आजच्या तारखेखाली ते वाक्य बारीक अक्षरात लिहून घेतात.

चहा येतो. गुरुजी करार कसा झाला ते सांगतात, वर्गात सांगावं तसं, बोटांवर मोजत. १९८१ च्या जूनमध्ये इस्राएलनं बगदादजवळची ओसिराक भट्टी विमानांनी उडवली. ते बघून पाकिस्तानला धास्ती बसली, की आपल्या कहुट्याच्या अणुकेंद्रावर भारत तसंच करेल. आणि कहुट्यावर काही झालं तर मुंबईतल्या तुर्भ्याच्या अणुकेंद्रावर उलट वार होईल, ही इकडची काळजी. १९८५ च्या डिसेंबरात राजीव गांधी आणि झिया यांच्यात तोंडी ठरलं. लेखी व्हायला तीन वर्षं गेली. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादेत राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्यासमोर दोघांच्या परराष्ट्र सचिवांनी सह्या केल्या. हिंदी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत. वाद झाला तर इंग्रजी खरं मानायचं. अमलात आला २७ जानेवारी १९९१ ला.

‘‘मग बॉम्ब थांबले का?’’ हा प्रश्न माझा.

‘‘कुठले? ९८ च्या मेमध्ये आधी आपण पोखरणला, मग त्यांनी चगाईला फोडून दाखवले. त्याआधी ७४ ला आपण पहिला स्फोट केला, तेव्हा पाकिस्ताननं संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला, की दक्षिण आशिया अण्वस्त्रमुक्त करा. आपलं म्हणणं, चीन शेजारी बसलाय, त्याचं काय? ते तिथंच राहिलं. तिकडं लॅटिन अमेरिकेत बघा. १९६७ मध्येच त्यांनी तसा करार केला. आणि आपला करार अमलात आला त्याच १९९१ साली ब्राझील आणि अर्जेंटिनानं एक संस्था काढली. ह्याचे तपासनीस त्याच्या कारखान्यात जातात, त्याचे ह्याच्या. मोजून येतात. तिथं घरात शिरून बघतात, आपण दारावरच्या पाटीपुरते. पण पाटी तरी चौतीस वर्षं कुणी उतरवली नाही.’’

‘‘दोस्ती नसताना?’’

‘‘दोस्ती नसते म्हणूनच यादी लागते. दोस्तांत कुणी यादी करतं का?’’

भाऊ उठतो. गुरुजी मागच्या महिन्याचे दीडशे रुपये त्याच्या हातात ठेवतात. डिसेंबरचे एकतीस दिवस, पाच रुपयांप्रमाणे एकशे पंचावन्न होतात. पण सुटे पाच कुणाकडेच नसतात. भाऊनं वरचे पाच सोडायची पद्धत पाडलीये. गुरुजींकडे आज सुटे होते. त्यांनी दिले. भाऊनं परत केले. ‘‘तुम्हाला वेगळा भाव नको, गुरुजी.’’

सकाळी १०.४०

महिन्याचा पहिला आठवडा वसुलीचा. भाऊच्या खिशात डायरी आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ही दुसरी यादी. घरांची नव्हे, थकबाकीची. नावं नाहीत, खुणा आहेत. ‘हिरवा दरवाजा, २ महिने.’ ‘डॉक्टरच्या वर, ३१० बाकी.’ ‘लूमवाले, सोडून दिले.’

बाजारात एक बोहरा व्यापारी आहेत, हार्डवेअरचं दुकान. इथल्या दर्गा-ए-हकीमीला देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू येतात, त्यामुळे त्यांच्या दुकानात पाहुण्यांची वर्दळ असते. ते उर्दू आणि हिंदी दोन्ही घेतात. पैसे मोजता मोजता भाऊ त्यांना हिंदी पेपरातलं पान काढून दाखवतो. तिथं अणुठिकाणांच्या बातमीखाली दुसरी बातमी आहे. कालच दुसऱ्याही याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या. २००८ च्या करारानं त्या वर्षातून दोनदा द्यायच्या असतात, १ जानेवारी आणि १ जुलै.

शेठ चष्मा वर करून वाचतात. आपल्या ताब्यात त्यांचे ३८१ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार. त्यांच्या ताब्यात आपले ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार.

‘‘खाला कराचीत आहे,’’ ते मला सांगतात. ‘‘फोनवर बोलते. व्हिसाची बातमी आली की भाई आणून दाखवतो.’’

‘‘आज व्हिसाची नाही,’’ भाऊ म्हणतो.

‘‘नाही तर नाही. लिस्ट तरी दिली ना. बोलणं बंद नाही म्हणजे.’’

पाचशेची नोट. भाऊकडे सुटे नाहीत. शेठ गल्ल्यातून मोडून देतात. वसुलीच्या दिवशी भाऊ सकाळीच वीस-वीसच्या नोटा बँकेतून आणतो, पण आज बँकेत रांग होती.

दुपारी १२.५०

घर. बायको कांडी भरतेय. मोटर लावलेलं छोटं यंत्र, त्यावर रिकामी कांडी खोचायची, सूत पकडून द्यायचं, भरली की काढायची. भरलेल्या कांड्या टोपलीत. संध्याकाळी लूमखान्यातला पोरगा येऊन घेऊन जातो. नगावर पैसे. दिवसाला सत्तर रुपये पडले तर चांगला दिवस. सूत तुटलं की ती ओठांनी टोक ओलं करते आणि गाठ मारते. बोलणं थांबत नाही, मोटरही थांबत नाही.

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ती विचारते, ‘‘गुरुजींची बातमी आली?’’

‘‘आली.’’

‘‘दरवर्षी येते मग बातमी कसली ती?’’

भाऊ भाकरी मोडतो. उत्तर देत नाही. प्रश्न बरोबर आहे. रोज पहाटे पेपर दारात पडतो, याची कुणी बातमी करत नाही. ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशी मात्र सात जण फोन करतात.

जेवून तो तासभर झोपतो. बाहेर खटखट चालूच. त्यानं त्याला झोप येते.

दुपारी ३.१५

राजघाट. इथल्या एका देवळात एक पेपर जातो, त्याचे पैसे पुजारी दुपारनंतरच देतो. पायऱ्यांवर शेवाळ. समोर झैनाबादचा काठ. तापी थंडीत बारीक झालीये, पण वाहतेय.

गुरुजींनी सकाळी निघताना एक गोष्ट सांगितली होती, ती मला इथं कळते. ही तापी मुलताईला उगम पावते. बुऱ्हाणपुरावरून खान्देशात उतरते, हतनूर, मग गुजरातेत उकाई, आणि त्याखाली काकरापार. काकरापारला अणुवीजघर आहे. १९९३ आणि १९९५ मध्ये पहिल्या दोन भट्ट्या व्यावसायिक वीज देऊ लागल्या. अलीकडे ७०० मेगावॉटच्या आणखी दोन. दुसरी २०२४ च्या मार्चअखेरपासून व्यावसायिक वीज देतेय. त्या भट्ट्या थंड ठेवायला तापीचं पाणी लागतं. यादीतली नावं कुणी जाहीर करत नाही. पण करारात अणुवीजघर स्पष्ट लिहिलंय, आणि काकरापार हे अणुवीजघर आहे. म्हणजे काल दिल्लीत ज्या कागदावर अक्षांश-रेखांश दिले गेले, त्यातली एक जागा ह्या पायऱ्यांजवळून वाहणाऱ्या पाण्यापाशी आहे.

भाऊचा धाकटा भाऊ सुरतेत लूमवर आहे. दिवाळीला भाऊ त्याच्याकडे भुसावळहून सुरतेची गाडी पकडून जातो. नंदुरबार, नवापूर, उकाई सोनगढ, व्यारा. ‘‘व्याऱ्याला गाडी थांबते,’’ भाऊ म्हणतो. ‘‘तिथं गरम भजी मिळतात. अणूचं काही दिसत नाही.’’

पुजारी एकशे पन्नास देतो आणि एक नारळ देतो. नारळ भाऊ थैलीत टाकतो.

गावाबाहेर मिर्झाराजा जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह करणारे हेच जयसिंग. १६६५ च्या जूनमध्ये त्यांनी शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ल्यांची यादी लिहून घेतली. दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, ते इथं बुऱ्हाणपुरात वारले. १६७० उजाडताच किल्ले परत जिंकायला सुरुवात झाली, फेब्रुवारीत सिंहगड आला. ती यादी पाच वर्षंही टिकली नाही. गुरुजी वर्गात हे शिकवायचे तेव्हा भाऊ मागच्या बाकावर होता. त्याला आठवतं, ‘‘तेवीस पाठ करायला लावले होते. मला नऊच आले. छडी बसली.’’

संध्याकाळी ५.३०

रद्दी. हाही भाऊचाच धंदा. ज्यांच्याकडे पेपर टाकतो त्यांच्याकडून महिन्या-दोन महिन्यांनी रद्दी घेतो. दहा रुपये किलोनं घ्यायची, तेरानं द्यायची. तागडीचा काटा त्याचा स्वतःचा आहे. लोकांचा विश्वास काट्यावर नाही, त्याच्यावर आहे. तरी तो दरवेळी आधी रिकामा काटा वर धरून दाखवतो. दोन्ही पारडी सरळ आली की मग कागद ठेवतो.

मी विचारतो, ‘‘एवढी वर्षं झाली, आता कोण बघतं?’’

‘‘कुणी बघत नाही. पण दाखवायचं.’’

आज बावीस किलो. सहासष्ट रुपये सुटले. दुकानदार गठ्ठे आतल्या खोलीत फेकतो. वर ‘नेपा’ असं लिहिलेलं एक जुनं पोतं आहे. इथून जवळच नेपानगर. तिथली कागद गिरणी देशातली पहिली वृत्तपत्र कागदाची गिरणी, १९५६ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. भाऊचे वडील तिथं बांबू उतरवायला जात. मुलगा पेपर टाकतो. ‘‘घरातला कागद घरात,’’ असं भाऊ म्हणतो आणि स्वतःच हसतो.

रद्दीत डिसेंबरचे सगळे पेपर आहेत. आजचा नाही. आजचा पुढच्या महिन्यात येईल, सातव्या पानासकट. गुरुजींच्या प्रतीत तेवढं एक भोक असेल.

रात्री ८.००

हिशोब. जमिनीवर बसून, डायरी मांडीवर.

एकशे बहात्तर पेपरांचं कमिशन दीड रुपयानं दोनशे अठ्ठावन्न. पत्रकांचे साडेबावीस. रद्दीचे सहासष्ट. जमा तीनशे साडेसेहेचाळीस. त्यातून पुतण्याचे पन्नास, दोन चहा आणि पोहे पस्तीस, पंक्चर वीस. खर्च एकशे पाच. उरले दोनशे साडेएक्केचाळीस. बायकोच्या कांड्यांचे सत्तर. एकूण तीनशे साडेअकरा. नारळ वेगळा.

वसुली चौदाशे झाली, पण ती एजन्सीला जायची. दहा तारखेच्या आत भरली नाही तर गठ्ठा कमी येतो. तिथं गयावया चालत नाही. तारीख म्हणजे तारीख.

‘‘वर्षातून सुट्ट्या किती?’’ मी विचारतो.

‘‘पेपर छापत नाहीत ते चार-पाच दिवस. बाकी नाही. आई गेली तेव्हा फेरी करून मग स्मशानात गेलो. कुणी कडक म्हणालं. पण एकदा खाडा केला की दुसऱ्यांदा सोपं जातं.’’

हे तो मला सांगत होता, स्वतःबद्दल. मला मात्र गुरुजींची वही आठवली. चौतीस पानं, एकही खाडा नाही. त्यातल्या एकाही पानावर प्रेमाचा शब्द नाही. नुसती तारीख, वार आणि ‘याद्या दिल्या’. आपल्याकडे ह्याला नेम म्हणतात. नेमाला भक्ती असावीच असं नाही. चुकवायचा नाही, एवढंच त्यात असतं.

रात्री ९.१०

भाऊ सायकल आत घेतो. मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघतो. पंक्चर टिकलंय. थैल्या खुंटीला. दिवा बंद. लूम चालूच.

त्याच वर्षी ७ मे ते १० मे, चार दिवस, दोन्ही देशांत विमानं, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन चालली. त्या दिवसांत बुऱ्हाणपुरात मराठी पेपर सेहेचाळीसचे सत्तर झाले, असं भाऊनं मला फोनवर सांगितलं. दोन आठवड्यांत पुन्हा सेहेचाळीस. गुरुजींनी वही काढून पस्तिसावं पान उघडं ठेवलं होतं. ‘‘कोरं राहतंय की काय म्हणत होते.’’

२ जानेवारी २०२६ ला सकाळी नऊला मी पुन्हा फोन केला. मागे पंक्चरवाल्याच्या पंपाचा आवाज येत होता.

‘‘आली का?’’

‘‘आली. नऊ ओळी. चिकटवून झाली.’’

यादी पस्तिसाव्यांदा गेली होती. भाऊकडचे पेपर एकशे पासष्ट झाले होते, आणि मागचा टायर अजून तोच होता.